भिंतीपलीकडचे चार सेकंद

बद्रीनाथला पहिला संशय आला तो क्रिकेटच्या सामन्यात. वाटूरच्या त्याच्या घरात टीव्हीवर गोलंदाज अजून धावतच होता आणि मधल्या भिंतीपलीकडे धाकटा भाऊ भुजंग ओरडला, "गेला!" चार सेकंदांनी खरंच दांडी उडाली. एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं. पण हे रोजचंच झालं, तेव्हा आपली मजा घालवायला भावानं काहीतरी खटपट करून ठेवलीय, अशी त्याची खात्रीच पटली.

भावाभावांत तीन वर्षं बोलणं नव्हतं. बद्रीनाथच्या लेकीला, आकांक्षाला, खो-खोसाठी बाहेरगावी ठेवायचं ठरलं तेव्हा भुजंग म्हणाला होता, "पोरीच्या जातीला गावोगाव कशाला हिंडवून राह्यला?" ते बोलणं बद्रीनाथच्या मनात रुतून बसलं. पोरगी हरावी म्हणून हा देव पाण्यात घालून बसला असणार, असं तो बायकोला, उषाबाईला, येता-जाता ऐकवायचा.

डिश बसवणाऱ्या इजहारला त्यानं मुद्दाम बोलावून विचारलं. इजहार हसला. "काका, अँटेना होता तव्हा सगळ्या गावाला एकदमच दिसायचं. आता चित्राचे आकडे करून धाडतेत. घरातला डबा ते जुळवतो, मंग दिसतं. तुमची डिश, त्यांचं केबल. कुणाला जल्दी, कुणाला उशीर. बाकी काहीच न्हाई."

"त्यानंच पढवलं असंल तुला," बद्रीनाथ म्हणाला. इतक्या सहज समजूत पटणाऱ्यांतला तो नव्हता.

आकांक्षाच्या संघाची राष्ट्रीय खो-खोची फायनल टीव्हीवर दिसणार होती, त्या दिवशी सकाळीच तो गच्चीवर चढला. डिश जरा वाकडी वाटली. म्हणजे भुजंगनंच हलवली असणार! पूर्वी अँटेना फिरवायचे तशी त्यानं ती अंदाजानं ओढली. तेव्हा भुजंग वर असायचा आणि हा खाली. "आलं का?" "मुंग्या हायेत, अजून फिरव!" अशी ओरडाओरड चालायची. आज खाली येऊन पाहिलं तर चित्र लख्ख, एक मुंगी नाही. स्वारी खूश. सिग्नल अगदी काठावर आलाय हे मुंग्यांशिवाय त्याला कळणार कसं? नवा डबा बेटा शेवटपर्यंत गोड बोलतो आणि मग एकदम तोंड फिरवतो.

दुपारी वारा सुटला होता. शेवटची दोन मिनिटं उरली होती आणि आक्रमणाची पाळी आकांक्षाच्या संघाची होती. पोरगी वाऱ्यासारखी पळत होती. तेवढ्यात भिंतीपलीकडून आरोळी आली, "पडली! पडली!"

बद्रीनाथच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोर पोरगी चांगली पळतेय आणि हा खुशाल अभद्र बोलतो! "ऐकलंस? टपूनच बसलाय मेला!" असं उषाबाईला म्हणत तो उठला.

"आगं माझ्या माय, डोकं आपटलं! ऊठ गं आकू, ऊठ!"

तो जागच्या जागी थांबला. भुजंग रडत होता. आकू हे नाव त्याचंच. लहानपणी तिला खांद्यावर घेऊन गावभर मिरवायचा तेव्हाचं.

मग टीव्हीवर आकांक्षानं खांबावर झेप घेतली, डोकं खांबावर आदळलं आणि ती निपचित पडली. चित्राचे चौकोन चौकोन झाले. पडदा काळा पडला. सिग्नल नाही.

बद्रीनाथनं डब्याला थापटलं, टीव्हीला थापटलं. जुन्या टीव्हीवर मुंग्यांतून निदान पोरीची सावली तरी दिसली असती. इथं आवाजसुद्धा नव्हता. उषाबाईनं तोंडाला पदर लावला होता. तो धावत भिंतीशी गेला.

"भुजंगा! उठली का रं?"

या तीन वर्षांत आपण कुणाला वैरी समजत बसलो, या विचारानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उठली दादा! उठली! पळून राह्यली बघ!"

बद्रीनाथनं भिंतीला कपाळ टेकलं.

"वहिनीला घेऊन इकडं ये जल्दी," भुजंग ओरडला. "अजून एक मिनिट हाय. दार उघडंच हाय."