येतलीबाय

"आई, उंडो तरी खाऊन जा गो!"

चंद्रावतीने चहात बुडवलेला पाव अर्धाच खाऊन बशीत ठेवला. "झाकून ठेव. अंकिताचा नाव शाळेतसून कमी करतले. त्याच्या आधी नर्सबायक गाठूक होया."

"तुका सगळ्या गावच्या चेडवांची काळजी!" गौरवी फणकारली.

"सगळ्यांची खंय? जी येणा नाय, तिचीच."

पेडण्याच्या पाच शाळांत चंद्रावतीचं हेच काम. एखादी मुलगी वर्गात दिसेनाशी झाली की तिचं घर गाठायचं. नर्स, पंच, वसतिगृह, सगळ्यांची मोट बांधायची. हजेरीपटावर 'गै' पडला की ती शेजारी पेन्सिलीने लिहायची, 'येतली', म्हणजे ती येईल. त्यावरून पोरांनी तिचं नाव पाडलं, येतलीबाय.

गौरवी आठवीत असताना आई वर्गाच्या दारात आली, तेव्हा मुली फिदीफिदी हसल्या. "तुझी कोण गो ती?"

"माझी कोण नाय."

आईने ते ऐकलं होतं. 

अंकितासाठी घराबाहेर पडली त्याच दुपारी आरोग्य केंद्राच्या बाकावर, नर्सबाईंची वाट बघता बघता चंद्रावती गेली. बशीतला उंडा झाकलेलाच राहिला.

आईच्या बाराव्यानंतर गौरवी तिची फाईल द्यायला शाळेत गेली. मुख्याध्यापक यशवंत सर या वर्षीच बदलून आलेले. समोर हजेरीपट, हातात लाल पेन.

"अंकिताचं नाव कमी करतोय. महिना झाला. बापाने तिला काजूच्या फॅक्टरीत घातलीय. कसली येते आता!"

गौरवीने फाईल उघडली. नर्सबाईंनी मागाहून आणून दिलेला दाखला होता, वसतिगृहाचं पत्रही होतं. फक्त एका रेघेवर काही नव्हतं.

"बापाची सही तेवढी रवली. ती मी आणतंय."

"हे काम ज्यांचं होतं त्या गेल्या, बाई. तुम्ही कशाला मध्ये पडता?"

व्हरांड्यात मुली घोळक्याने उभ्या होत्या. "येतलीबायची फायल ती," एक कुजबुजली. दुसरी खुदकन हसली.

गौरवीने फाईलमधली आईची बोटभर उरलेली पेन्सिल काढली. सरांच्या पेनाखालून हजेरीपट ओढून घेतला आणि अंकिताच्या ओळीत लिहिलं, 'येतली'.

"अहो, कोण तुम्ही?" सर उठून उभे राहिले.

ती वळली. व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"येतलीबाय माझी आई."