उपासाचा खाडा

"काकू, आज माझा खाडा धरा," अंजू स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाली. "सोमवार हाय."

"अन् परवाची एकादशी? तिच्या आधीचा गुरुवार?" मी तव्यावरची पोळी उलटत विचारलं. "देवाला तरी जरा सुट्टी दे की माय."

ती हसली, कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली आणि माठाखाली बाटली धरली. सकाळपासूनची तिसरी.

"लातूरचं पाणी एकटी तूच संपवायलीस," मी म्हटलं.

क्लासेसच्या मागच्या गल्लीत माझी मुलींची मेस आहे, वर त्यांच्या राहायच्या खोल्या. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं मी दुसऱ्यांच्या लेकींना जेवू घालते आणि जेवता जेवता चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकवते. गोष्टींचे पैसे घेत नाही. जी जेवणार नसेल तिनं सकाळीच सांगायचं, मी वहीत खाडा मांडते आणि महिन्याच्या शेवटी तेवढे पैसे परत करते. सगळ्या मेसचा हाच रिवाज.

अंजू उदगीरची. वडील मडिवाळप्पा, त्यांचं तिथं छोटं किराणा दुकान. आमच्याच लिंगायत समाजातली, गळ्यात लिंग, म्हणून माझा जीव तिच्यावर जरा जास्तच. अकराव्या वर्षापासून तिला साखरेचा आजार होता, रोजच्या सुया होत्या. डॉक्टर व्हायचं म्हणून यंदा मे महिन्यात दुसऱ्यांदा परीक्षेला बसणार होती. तिच्या इन्सुलिनच्या बाटल्या माझ्या फ्रीजच्या दारात, एका स्टीलच्या डब्यात असत. तिचा विमा काढायला गेलेल्या मडिवाळप्पांना, आजार आधीचा आहे म्हणून परत पाठवलं होतं. सरकारी कार्ड तेवढं होतं.

"मग त्या कार्डावर न्हाई का मिळत औषध?" मी एकदा विचारलं होतं.

"ते भरती झाल्यावर चालतं, काकू. भरती व्हायला लागू नये म्हणून जे घ्यावं लागतं, त्याला न्हाई चालत."

पोरगी बोलायला हुशार आहे, एवढंच मला तेव्हा वाटलं.

माझ्या नवऱ्यालाही साखर होती. गोळ्या घ्यायचा. डॉक्टर सांगायचे, खाणं कमी करा. तो करायचा नाही. म्हणूनच तो लवकर गेला, असं माझं ठाम मत होतं. त्यामुळे अंजूचे उपास मला दोन्हीकडून पसंत होते. देवाला पोचत होते आणि साखरही ताब्यात राहत असेल. तिच्या खोलीतली शिल्पा, हदगावची, चार पोळ्या खाऊन पाचवी मागायची. तिला मी सगळ्यांसमोर ऐकवायची, "अंजूकडं बघ जरा. एवढा अभ्यास करून देवधर्म सोडला न्हाई तिनं." अंजू मान खाली घालायची. मला वाटायचं, लाजली.

महाशिवरात्रीला तिनं कडक उपास धरला. शिल्पा सिद्धेश्वराच्या यात्रेत पाळण्यात बसून आली. अंजू खोलीतच पडून होती. मी केळी आणि रताळी घेऊन गेले, तर भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "नको काकू, काहीच जायना." मी नमस्कारच केला तिला, मनातल्या मनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारण्याला मी गव्हाची हुग्गी, आमच्याकडची खीर, रांधत होते. शिल्पा धावत आली. "काकू, अंजू सारखी उलट्या करायलीय!"

"उपासाचं पित्त असंल," मी म्हटलं आणि लिंबाचं सरबत केलं. साखर घालून. माझ्या हातानं चमच्याचमच्यानं पाजलं. तिचा श्वास भात्यासारखा चालला होता. तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास येत होता. मला वाटलं, केळं खाल्लं असेल हिनं. दोन तास मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले. त्या दोन तासांसाठी मला कोणी शिक्षा केली असती तर बरं झालं असतं. कोणीच केली नाही.

ती हाकेला ओ देईना, तेव्हा रिक्षा केली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा हेच विचारलं, "इन्सुलिन कधीपासून बंद आहे?"

"बंद कुठं? माझ्या फ्रीजमधीच हाय की, बाई," मी म्हटलं.

संध्याकाळी अंजूनं थोडा वेळ डोळे उघडले. मला जवळ बोलावलं.

"उपासाच्या दिवशी सुई घेत नव्हते, काकू. न्हाई जेवलं तर थोडीफार चालंल, म्हटलं. बाटली पुरवायची होती. खाड्याचे पैसे पण त्यातच घालत होते."

"डॉक्टरीणबाई म्हणल्या, जेवलं न्हाई तरी सुई लागतेच. पुस्तकात न्हाई का लिवलेलं हे?"

"लिहिलंय की."

"मग बाबांना का सांगितलं न्हाई गं?"

"सांगितलं असतं तर म्हणले असते, घरी ये. मेपर्यंतच काढायचं होतं."

मडिवाळप्पा रात्रीच्या गाडीनं आले. डॉक्टरांनी हातातलं सगळं केलं. तिसऱ्या दिवशी पहाटे अंजू गेली.

तिचं सामान न्यायला ते आठवड्यानं मेसवर आले. दारातच हात जोडून "शरणार्थ" म्हणाले. मी चहा ठेवला. कपबशी हातात घेऊन म्हणाले, "दवाखान्यात लई केलं सगळ्यांनी. कार्डावरच झालं बघा. एक रुपया लागला न्हाई."

मला रडू आवरेना. माझ्यापेक्षा तेच सावरलेले होते. मी फ्रीजमधून स्टीलचा डबा काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यात निम्मी उरलेली एक बाटली होती आणि तिच्याखाली खोक्यासकट एक नवी, न फोडलेली. खोक्यावर अंजूच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'मे. परीक्षा.'

त्यांनी ते खोकं उलटंपालटं करून तारीख पाहिली. दुकानदाराची सवय.

"मुदत हाय अजून," ते म्हणाले. "कुणाला तरी उपेगी पडंल. तुम्हीच द्या, उमाबाई. माझ्यानं न्हाई व्हायचं."

ते खोकं मी डॉक्टरीणबाईंकडे नेऊन दिलं. अंजूचं नाव सांगितलं. त्यांनी ते जपून फ्रीजमध्ये ठेवलं.

पुढच्या सोमवारी शिल्पा दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले होते.

"काकू, आज माझा खाडा धरा. अंजूच्या नावानं सोमवार करणार हाय मी."

तीस वर्षांत मी स्वतः एक सोमवार चुकवला नाही. कोणी उपास मोडला तर महिनाभर त्याला ऐकवणारी बाई मी. मी हात पुसले, पाट मांडला आणि ताटात तिला आवडतात तशा चार पोळ्या वाढल्या. शेजारी माझंही ताट घेतलं.

"बस," मी म्हटलं. "देवाला काय सांगायचं ते मी सांगते."