अधिकाचा डबा

राजेश्वरीचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. काहीतरी राहिलंय, काहीतरी राहिलंय, असं मनात सारखं टोचत होतं आणि काय राहिलंय ते काही केल्या आठवत नव्हतं. दुधाचं पातेलं झाकून झालं, विहिरीवरच्या मोटारीचं बटण बघून झालं, नवऱ्याला, मानसिंगला, बारामतीत फोन करून जावयाचे कपडे घेतले का ते दोनदा विचारून झालं. "आगं घेतलं की! आता दुकानदाराला फोन देऊ का?" म्हणून तो खेकसला. आणि ती स्वयंपाकघरात परत येते तर काय, कढईतला अनारसा हसलेला. तुपात पडला आणि विरघळून चहूकडं पांगला. दुसरा टाकला, तोही तसाच.

"घ्या! ह्यो एक राहिलावता," ती स्वतःशीच पुटपुटली.

तसा दिवसच वंगाळ निवडला होता. इंदापूर तालुक्यात, वरकुट्याच्या पुढं असलेल्या या वाडीची ती सरपंच, आणि अकरा वाजता विशेष ग्रामसभा. संध्याकाळी जावई जेवायला. धोंड्याचा महिना लागलेला. तीन वर्षांनी एकदा पंचांगात हा जादाचा महिना येतो आणि जावयांची चंगळ होते. लेक श्रेया गेल्या थंडीत कोऱ्हाळे बुद्रुकला दिलेली, म्हणजे या जावयाचा हा पहिलाच अधिक. वाणाला अनारसे पाहिजेतच, आणि तेही घरचे. विकतचे दिले तर विहीणबाई तोंडानं काही बोलणार नाहीत, पण बोलल्याशिवाय राहणारही नाहीत.

ग्रामसभेचं त्रांगडं तर त्याहून मोठं. जगातल्या सगळ्या देशांनी मिळून ठरवलंय की दोन हजार तीस सालापर्यंत गरिबी आणि भूक जगातनं हटवायची, तीही पाणी आणि जमीन न नासवता. ते ठरलेलं दिल्लीला आलं, मुंबईला आलं आणि हिंडत हिंडत वाडीच्या पंचायतीत येऊन टेकलं. प्रत्येक गावानं त्यातलं एक ध्येय आपलं म्हणून उचलायचं होतं. कुणी म्हणालं पाण्याचं घ्या, कुणी म्हणालं शाळेचं घ्या. राजेश्वरी म्हणाली, भुकेचं घ्यायचं. तेव्हा दादासाहेब, वाडीतलं सगळ्यात मोठ्या आवाजाचं माणूस, खो खो हसले होते. "भूक? आपल्यात? आवो सरपंचबाई, हितं डाक्टर सांगून दमलाय की साखर कमी खावा म्हणून!"

पण राजेश्वरीचा स्वभाव असा, की एकदा तोंडातनं शब्द गेला की परत घ्यायचा नाही. तिनं चार महिने वाडी पिंजून काढली. ऊसतोड कामगारांच्या खोपटांतली पोरं अंगणवाडीत आणून बसवली. एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांचं अडकलेलं रेशन सुरू करून घेतलं. अंगणवाडीताई कौसल्या दारोदार जाऊन विचारत होती, दोन्ही वेळेला चूल पेटते का, कुणी उपाशी राहतंय का. आता आज पंचायत समितीचे विस्तार अधिकारी येणार, त्यांच्यासमोर ठराव होणार, की वाडीत कुणीही उपाशी झोपत नाही. असा ठराव करणारी तालुक्यातली पहिली वाडी. राजेश्वरीनं त्यासाठी इस्त्रीची साडी काढून ठेवली होती.

अनारशांवर एकच इलाज होता. आत्या. म्हणजे राजेश्वरीची सासू, शकुबाई. तिच्या हातचा अनारसा असा जाळीदार की पाहुणे नुसती जाळी बघत बसायचे. फसलेले तुकडे आणि उरलेल्या पिठाचा गोळा ताटलीत घालून, वर फडकं टाकून राजेश्वरीनं स्कूटीला किक मारली. गुळाचं प्रमाण चुकलं का तूप कमी तापलं, आत्यानं बोट लावून एका क्षणात सांगितलं असतं.

शकुबाई राहायची विहिरीवरच्या खोलीत. गेल्या वर्षी दोघा भावांची वाटणी झाली, तेव्हा थोरला विजयसिंह आणि धाकटा मानसिंग यांनी आईचीही वाटणी केली. एक महिना थोरल्याकडनं, म्हणजे जाऊबाई सारजाकडनं डबा, एक महिना धाकट्याकडनं. महिना मराठी धरायचा, अमावास्येला पाळी संपायची. आईनं मात्र वेगळी चूल मांडायची नाही, मांडली तर लोक पोरांच्या तोंडात शेण घालतील. शकुबाईनं ते मान्य केलं होतं. वैशाख राजेश्वरीकडं होता. तिनं महिनाभर भाकरी, कालवण, ताक, कधी शिरा, असा डबा नेमानं पाठवला होता. त्यात खोट काढायला जागा नव्हती.

खोलीचं दार उघडंच होतं. शकुबाई भिंतीला टेकून बसलेली. "आत्या, ह्ये बघा वो काय झालंय," म्हणत राजेश्वरीनं ताटली पुढं ठेवली आणि फडकं काढलं. "गूळ जास्ती झाला का?"

शकुबाईनं ताटली मांडीवर ओढली. बोट लावलं नाही, तुकडा मोडून बघितला नाही. एक तुकडा तोंडात घातला, तो गिळायच्या आत दुसरा घातला. मग दोन्ही हातांनी खायला लागली. तुकडे संपले तशी तिनं कच्च्या पिठाच्या गोळ्याला हात घातला.

"आत्या, आवो कच्चं हाय ते! बघायला आणलंय, खायाला न्हाय!"

शकुबाईचा हात थांबला. तिनं वर बघितलं आणि ती लाजली. सत्तरी ओलांडलेलं माणूस, पण चोरून खाताना सापडलेल्या पोरीसारखी लाजली. "गूळ बराबर हाय," ती म्हणाली. "तांदूळ नीट वाळलं न्हायती."

राजेश्वरीनं खोलीभर नजर फिरवली. डबा कोपऱ्यात पालथा. कोरडा ठणठणीत. खिडकीत दोन पाडाच्या कैऱ्या आणि देवळातल्या प्रसादाचा रिकामा द्रोण. सकाळपासून जे टोचत होतं ते एकदम आत घुसलं.

"सारजाताईंचा डबा आला न्हाय व्हय आज?"

"तिचा कसा यील?" शकुबाई अगदी सहज म्हणाली. "तिचा जेठ. ह्यो तर अधिक. तुझा वैशाख संपला, तिचा जेठ लागायचाय. ह्यो मधला कुणाच्यातच न्हाय न्हवं?"

"म्हंजे अमावस्या झाल्यापास्नं…"

"न्हाय न्हाय, अगदीच तसं न्हाय. देवळात पोथी लागलीया, परसाद मिळतोय. कौसल्या परवा च्या घिऊन आलीवती. आन् आंबा हाय की दारात." मग तिनं राजेश्वरीचा हात धरला. "कुणाला सांगू नगंस, राजे. माझी पोरं वाईट न्हायती. चुकून झालंय. त्यांची अब्रू जाईल."

"आवो पण तुमी एका शब्दानं बोलायचं तरी!"

"कुणाला बोलू? तुला म्हणलं तर सारजाला वाटायचं धाकटीकडं गाऱ्हाणं केलं. तिला म्हणलं तर तुला वाटायचं."

राजेश्वरीला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. राग कुणाचा, ते तिला कळेना. ती तशीच घरी पळाली, हाताला लागेल ते, भाकरी, आमटी, दूध, घेऊन आली आणि समोर बसून सासूला जेवू घातलं. शकुबाई हळूहळू जेवली. मधेच म्हणाली, "तुला सभंला उशीर व्हतोय न्हवं?"

तिथनं राजेश्वरीनं स्कूटी थेट थोरल्या जावेच्या दारात नेली. सारजा अंगणात पुरणाची डाळ निवडत होती. तिचाही जावई उद्या येणार होता.

"ताई, आत्यांचा डबा?"

"तुझ्याकडं हाय की."

"माझा वैशाख संपला."

"आन् माझा जेठ कुठं लागलाय? अधिक म्हंजे शिल्लक. शिल्लक मागल्याच्याच पदरात पडतीया."

"नाव तर जेठाचंच हाय! अधिक जेठ!"

"आगं पण…" सारजाचा चढलेला आवाज तिथंच तुटला. सुपातली डाळ तशीच राहिली. "म्हंजे तू बी न्हाय?"

"न्हाय."

घरात पुरण शिजायचं होतं, पिशवीत जावयाचा टॉवेल-टोपी आणून ठेवलेला होता, आणि दोन घरांच्या मधोमध एक म्हातारी कैरी चोखत बसलेली. सारजा आधी सावरली. "राजे, सभंत तोंड उघडू नगंस. मी आत्ता डबा लावते. झालं गेलं. पण चावडीवर न्हाय न्यायचं हे. भावाभावांत कायमचं तुटंल."

तिचं खोटं होतं असं नाही. राजेश्वरी सगळी वाट तेच घोकत गेली. सांगितलं तर आत्याची मान खाली, नवऱ्याची खाली, आपली तर कायमची खाली. नाही सांगितलं तर काय बिघडतंय? आत्याला आता डबा मिळणारच. ठराव उद्यापासनं खराच होणार. एका दिवसाचा तर फरक. पण मग कौसल्या आठवली. पंचायतीच्या पायरीवरच तिनं कौसल्येला गाठलं. "आमच्या आत्यांकडं चौकशी केलीवतीस?"

कौसल्या हसली. "ताई, सरपंचांच्याच घरात काय इचारायचं?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. चार महिने घातला होता तिनं तो वळसा.

सभा भरली. बाया एकीकडं, पुरुष एकीकडं, दाराशी चपलांचा ढीग. विजयसिंह पुढच्या ओळीत फेटा बांधून बसलेला, मानसिंग बारामतीहून येऊन घाईघाईनं मागं टेकलेला. विस्तार अधिकारी बोलायला चांगले होते. जगाची सतरा ध्येयं, कुणालाही मागं ठेवायचं नाही, सगळं त्यांनी नीट समजावलं. मग ठराव वाचला. वाडीत कुणीही व्यक्ती उपाशी झोपत नाही. "कुणाची हरकत असेल तर हात वर करा. नसेल तर टाळ्या वाजवून मंजूर."

दादासाहेबांनी टाळीसाठी हात उचललेसुद्धा. राजेश्वरीचा हात टेबलावर होता. तो वर गेला. तिला वाटलं आपण उचलला नाही, आपोआप गेला.

अधिकारी हसले. "मॅडम, हरकत असणाऱ्यांनी."

"व्हय. माझीच हरकत हाय."

तिनं नवऱ्याकडं बघायचं टाळलं, कारण बघितलं असतं तर जीभ वळली नसती. "माझी सासू उपाशी झोपतीया," ती म्हणाली. "अमावस्येपास्नं. आमच्या घरात पाळी हाय. वैशाख आमचा, जेठ भावजींचा. आन् अधिक कुणाचाच न्हाय. मला वाटलं त्यांच्याकडं, त्यांना वाटलं माझ्याकडं. वाटणीनंतरचा पहिलाच अधिक, कुणाच्या ध्यानातच आलं न्हाय. मी वाडीभर इचारत हिंडले, घरात इचारलं न्हाय. तिनं मला सांगू नगंस म्हणून हात धरला. तरी सांगतीया. हा ठराव मला मंजूर करवत न्हाय."

विजयसिंहाचं तोंड फेट्याखाली काळंठिक्कर पडलं. मानसिंग जमिनीकडं बघत होता. कुणीतरी तरणं पोरगं फिस्सकन हसलं, "अधिक कुणाकडं, म्हणं!" पण ते हसू अर्ध्यातच विझलं.

कारण बायांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली होती. एक बाई शेजारणीच्या कानाला लागून विचारत होती, "तुमच्यात अधिक कुणाकडं हाय गं?" शेजारीण उत्तर द्यायच्या ऐवजी मागं वळून जावेला शोधायला लागली. पाळी काय एकट्या शकुबाईची नव्हती. अर्ध्या वाडीत आईबाप महिन्यांवर वाटलेले. घरोघरी मातीच्याच चुली.

दादासाहेबांनी खिशातनं फोन काढला आणि भावाला लावला. सभेत फोन काढू नका म्हणून दरवेळी तेच ओरडायचे. आणि त्यांचा आवाज जन्मात कधी बारीक झाला नव्हता, त्यामुळं सगळ्यांना ऐकू गेलं.

"तात्या, आरं आप्पा जेवायला कुणाकडं हाईत सध्या? … तुझ्याकडं न्हाईत? … आरं मग…"

फोन तसाच हातात धरून ते उठले. कुणाकडं न बघता चपलांच्या ढिगात पाय घातला आणि निघाले. सायबांचाही निरोप घेतला नाही. त्यांच्यामागं एक बाई उठली, मग दोघी जावा एकमेकींशी न बोलता उठल्या, मग पुरुषांतले चारपाच. बघता बघता दारातला ढीग विरळ झाला. कुणी पळत नव्हतं, पण कुणी सावकाशही चालत नव्हतं. अधिकारी कागद हातात धरून रिकाम्या सतरंजीकडं बघत राहिले.

"मॅडम, सभा तहकूब धरायची का?"

"धरा," राजेश्वरी म्हणाली. "आधी बघून येऊ द्या समद्यांना."

ती घरी गेली, डबा भरला आणि विहिरीवर आली. मानसिंग वाटेत भेटला आणि तिच्या हातातला डबा त्यानं आपल्या हातात घेतला. खोलीच्या दारात सारजा उभी होती, तिच्याही हातात डबा. विजयसिंह बांधावर पाठमोरा बसलेला, फेटा सोडून मांडीवर ठेवलेला. दोघी जावांनी एकमेकींकडं बघितलं आणि दोन्ही डबे म्हातारीपुढं शेजारी शेजारी ठेवले. भांडायचं ते आता अधिक आपल्याकडं घेण्यासाठी, हे दोघींच्याही तोंडावर दिसत होतं.

शकुबाईनं एक डबा उघडला, वास घेतला. दुसऱ्याकडं बघितलं आणि तो उचलून सारजाकडं सरकवला.

"ह्यो झाकून ठिवा," ती म्हणाली. "उद्या बी अधिकच हाय."