दुसऱ्या ओळीतलं वय

आज सकाळी आठलाच ऊन पत्र्यावर चढलं. वारा आहे, पण गरम. गल्लीतली धूळ उचलतो आणि परत तिथंच टाकतो. आभाळाला रंग म्हणून नाही. लाईट गेल्यामुळं भवानी पेठेतले माग बंद पडलेत, आणि एवढी शांतता झालीय की समोरच्या नळाचा थेंबसुद्धा ऐकू येतो. अशा उन्हात मी एका रेक्झिनच्या पिशवीत, खाटेवर, लॅपटॉपच्या पोटात पडून आहे.

मी कोण? मी लॅपटॉपच्या पडद्यामागचा एक काळा दाणा बोलतोय. तिळाएवढा असेन. लोक मला चिप म्हणतात. मी शिकलेला नाही. कारखान्यात एकशे अठ्ठावीस आकडे माझ्याकडून पाठ करून घेतले, तेवढीच माझी विद्या. लॅपटॉप चालू झाला की आतली थोरली चिप, जी चित्र काढते, ती आधी मला विचारते, कोण तू? केवढा? मग मी पाठ म्हणतो. माझा पडदा एवढा रुंद, एवढा उंच, त्यावर आडवे इतके ठिपके, उभे इतके. अमुक वर्षी, अमुक आठवड्यात जन्म. मी सांगेन तसं ती चित्र काढते. मला न विचारता तिचा एक ठिपका पडत नाही. गरिबाला असा मान कुठं मिळतो? मला मिळाला होता.

माझे आकडे कागदावर काढले तर आठ ओळी होतात, ओळीत सोळा घरं. पहिल्या ओळीच्या शेवटच्या चार घरांत माझा स्वतःचा क्रमांक. आमच्या कारखान्यात तो प्रत्येकाला वेगळा देतात, दोघांना एक कधी नाही. दुसऱ्या ओळीच्या पहिल्या दोन घरांत माझं वय. आणि अगदी शेवटच्या घरात बेरजेचा आकडा. बाकीचे नीट आहेत की नाहीत ते त्याच्यावरून कळतं. एवढं लक्षात ठेवा, पुढं लागेल.

माझे पहिले मालक मंगळवेढ्याचे सुबोध. पतसंस्थेत कारकून होते. पडदा पुसायचा तर सदऱ्याच्या टोकानं, आणि काही दाखवायचं तर नख टेकवून. पण माणूस मायेचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, लॅपटॉपची पूजा करायचे. एका वर्षी बायकोनं बोट जरा जोरात टेकवलं आणि पडद्याच्या चौकटीच्या फटीतून कुंकू आत उतरलं. ते माझ्या शेजारी, पडद्याच्या पाठच्या पत्र्याच्या कडेला बसलं. अजून आहे.

आठ वर्षं मी त्यांच्याकडं राबलो. मग लॅपटॉप मंद झाला म्हणून कपाटावर गेला आणि तिथून भंगारात. कुणीतरी पडदा तेवढा सोडवला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून सोलापूरला आणला. वेणीमाधवशेठच्या दुकानात पडद्यांची चळत होती. त्यात मी तीन उन्हाळे काढले.

या फेब्रुवारीत शेठनी मला बाहेर काढलं. स्पिरिटनं पडदा चकाचक पुसला. मग एक चिमटा आणला आणि माझ्या आठही पायांना लावला. मला वाटलं, विचारपूस करतायत. तसं नव्हतं. त्यांनी माझे आकडे पुसले आणि एका कोऱ्या नव्या पडद्याचे आकडे जसेच्या तसे माझ्यात भरले. एका क्षणात मी अकरा वर्षांनी लहान झालो. या वर्षीचा, सहाव्या आठवड्याचा. बेरीजसुद्धा जुळत होती. पण पडद्यामागचा दिवा आठ वर्षं जळलेला, तो काय आकड्यानं तरुण होतो? डावीकडं तो आधीच पिवळा पडत चालला होता.

त्या दिवसापासून मी खोटं बोलतो. रोज, विचारलं की लगेच. मला दुसरं येतच नाही.

मला बसवलं ते हृषीकेश मालकांच्या लॅपटॉपात. त्यांचा चादरींचा कारखाना. लॅपटॉप त्यांचा, पण वापरणारी मेहनाज. ही भवानी पेठेतल्या पीरसाबांची नात. घरी बसून चादरीची नक्षी काढते. बारीक घरांचा कागद असतो तसा पडद्यावर चौकटींचा पसारा, आणि ती एकेक घर भरत जाते. घरी बसून, कारण पीरसाबांना आता दिसतं कमी आणि घरात तिसरं कोणी नाही. मालकांनी एवढी सवलत दिली होती. ती गेली तर तिला दिवसभर कारखान्यात बसावं लागेल आणि म्हाताऱ्याला कुलपात ठेवून जावं लागेल.

पीरसाब स्वतः चाळीस वर्षं मागाच्या पत्त्यांना भोकं पाडत होते. जाड पुठ्ठ्याचा लांब पत्ता. भोक असेल तिथं मागावरचा धागा उचलतो, नसेल तिथं खाली राहतो, आणि त्यातूनच फूल उमटतं. त्यांना अक्षर येत नाही. पण नक्षीतलं एक घर चुकलं तर लांबून ओळखायचे.

एप्रिलात घात झाला. पडद्याची डावी बाजू इतकी पिवळी पडली की काठातल्या फुलाशेजारी एक घर जास्तीचं भरलं गेलं ते मेहनाजला दिसलंच नाही. नक्षीतलं एक घर म्हणजे चादरीत हातहातभर अंतरानं एक डाग. नमुन्याची चादर निघाली तीच डाग घेऊन. मालक चिडले. मेहनाजनं सांगितलं की पडदा खराब आहे. मालकांनी लॅपटॉप शेठकडं पाठवला, शेठनी यंत्र लावलं आणि मला विचारलं, तुझं वय काय?

मी सांगितलं. या वर्षीचा, सहावा आठवडा.

शेठ मालकांना म्हणाले, पडदा कोरा आहे, त्याचा दाखलाच बोलतोय, पोरीनं पाणीबिणी सांडलं असणार. माझ्या एका उत्तरानं मेहनाज खोटी ठरली. तिनं मला कधी नखसुद्धा टेकवलं नव्हतं हो.

मालकांनी तिला आठ दिवस दिले. तोवर शेठचं खोटं दाखव, नाहीतर लॅपटॉप आणून ठेव आणि घरचं काम विसर.

मेहनाज पॉलिटेक्निकला होती. तिनं माझे आकडे बाहेर काढले आणि आजोबांना दिसावेत म्हणून शेजारच्या सिद्धेश्वरीकडं मोठ्या ठशात छापून आणले. सिद्धेश्वरी घरातच लोकांचे फॉर्म भरून देते, रेशनचे, दाखल्यांचे. तिच्याकडं लॅपटॉप आहे, प्रिंटर आहे. तो कागद घेऊन मेहनाज आजोबांजवळ बसली आणि एकेका घराचा अर्थ लावत गेली. ही रुंदी, हे ठिपके, हा आठवडा. पीरसाब बोट फिरवत ऐकत होते. आठ ओळी, सोळा घरं. त्यांना तो पत्ताच वाटला.

"नाना, सगळं बरोबर आहे," मेहनाज शेवटी म्हणाली. "बेरीजपण जुळते."

पीरसाब घरात दखनीत बोलतात. म्हणाले, "एक पत्ता देखके क्या समजता, बेटा? दुसरा ला."

आता दुसरा कुठून आणायचा? तर सिद्धेश्वरीच्या लॅपटॉपचा पडदाही फेब्रुवारीत त्याच दुकानातून बसवलेला. तिनं हसत हसत तिचेही आकडे काढू दिले, वर चहा पाजला. म्हणाली, "काढ की गं, माझ्या पडद्याला काय नजर लागतीय व्हय."

मग पीरसाबांनी त्यांचं जुनं काम केलं. पत्त्याची नक्कल बरोबर झाली का बघायचं तर नवा पत्ता जुन्यावर ठेवून उजेडाकडं धरतात. सगळ्या भोकांतून उजेड आला तर नक्कल बरोबर. त्यांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले, कोपरे जुळवले, आणि दारात जाऊन उन्हाकडं धरले. कितीतरी वेळ तसेच उभे. कोपरे जरासुद्धा हलले नाहीत.

मग मेहनाजला हाक मारली. म्हणाले, यात एकपण घर वेगळं नाही.

ती आधी म्हणाली, असणारच, दोन्ही एकाच कंपनीचे. आणि मग तिची नजर पहिल्या ओळीच्या शेवटच्या चार घरांवर गेली. स्वतःचा क्रमांक. जो दोघांना एक कधी नसतो. म्हणजे शेठनी एकाच पडद्याचे आकडे दोघांत भरले होते. ती पहिल्यांदा हसली. त्या दिवशी मीही सुटल्यासारखा झालो. वाटलं, मला बोलता येत नव्हतं ते या म्हाताऱ्यानं माझ्यातून काढलं.

मेहनाजनं मालकांना फोन केला. मालक म्हणाले, शुक्रवारी दोन्ही लॅपटॉप घेऊन कारखान्यात या, मी शेठलाही बोलावतो. दोन्ही पडद्यांनी एकच क्रमांक सांगितला तर मी मानलं.

चूक झाली ती इथं. ज्याची चोरी, त्यालाच दोन दिवस आधी वर्दी गेली.

आज शुक्रवार. पीरसाब पहाटेच उठले. अंघोळ केली, धुतलेली टोपी घातली, दोन्ही कागदांची घडी वरच्या खिशात ठेवली. मेहनाजनं मला पिशवीत भरलं आणि रिक्षा बघायला नाक्यावर गेली. सिद्धेश्वरी तिचा लॅपटॉप घेऊन येणार होती.

आत्ता ती आली आहे. हात रिकामे आहेत. दारातच उभी आहे, आत येत नाही. रोज न विचारता आत येऊन घागर टेकवणारी बाई.

ती सांगते आहे, खाली बघत. काल शेठचा माणूस आला होता. तिचा पडदा काढून नेला आणि कोरा बसवून दिला, एक पैसा घेतला नाही. म्हणाला, कारखान्याच्या भानगडीत पडू नका. नवऱ्यालाही तसंच वाटतंय. आता तिच्या पडद्याचा क्रमांक वेगळा आहे, म्हणजे दाखवायला काही उरलंच नाही.

पीरसाबांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, तू मालकांना एवढं तरी सांगशील का, की पहिला पडदा असा होता? तिनं मान आडवी हलवली. मेहनाजकडं सिद्धेश्वरीच्या जुन्या पडद्याच्या आकड्यांची फाईल आहे. पण जिच्या पडद्याची फाईल, तीच गप्प बसली तर ते नुसते आकडे. आणि आकडे कसे असतात, ते माझ्याइतकं कोणाला माहीत?

मला ओरडून सांगावंसं वाटतं, बाबांनो, मला उघडा. आकडे बघू नका, चौकट काढा. पत्र्याच्या कडेला खंडेनवमीचं कुंकू आहे. या घरात कुंकू कुठून येईल? यंदाच्या फेब्रुवारीत जन्मलेल्याला खंडेनवमी कुठली? पण चौकटीवर शेठचं कागदी सील आहे, ते फाटलं की गॅरंटी गेली. आणि मेहनाज सरळ पोरगी आहे, ती सील फाडत नाही.

आता मी कारखान्यात जाईन. शेठ विचारतील, मालकांसमोर विचारतील, तुझं वय काय? आणि मी सांगेन. या वर्षीचा, सहावा आठवडा. पुढं कधी कोणी मला भंगारात उघडलंच, तर त्या कुंकवाला बोट लावून बघा आणि भवानी पेठेतल्या एका पोरीचं चुकलं नव्हतं, एवढं कुणाला तरी सांगा. माझी मागणी एवढीच.

पीरसाब उठून दाराशी गेलेत. तिला बस म्हणाले, पाणी घे म्हणाले. ती बसली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत तिनं त्यांच्या वरच्या खिशाकडं बघितलं आणि हळूच म्हणाली,

"चाचा, आमचा कागद तेवढा परत द्या की."