सर्वांच्या सोयीची वेळ

"दहा ते बारा. सर्वानुमते ठरलंय," असं म्हणत सेक्रेटरींनी ठरावाचा कागद माळीमामांच्या नाकाखाली धरला.

हिरवळ कापायची वेळ ठरवायला कमिटीला तीन बैठका लागल्या होत्या. सकाळी मुलांचा अभ्यास, मग निवृत्तांचं पेपरवाचन. एक ते चार सगळ्यांचाच डोळा लागतो. पाचला पहिल्या मजल्यावरच्या बाई गाणं शिकवतात. तळमजल्यावरच्या कुत्रीला नुकतीच पिल्लं झाल्यामुळे तिच्या झोपेचाही सहानुभूतीने विचार झाला होता.

"आणि वॉचमन?" मामांनी विचारलं.

"त्याचं काय?"

"रात्रभर जागतो, साहेब. आठला सुटतो, चार घास खाऊन नऊला आडवा होतो. त्याच्या खोलीची खिडकी हिरवळीला लागूनच आहे."

"अहो, दिवसा झोपणाऱ्यांसाठी का सोसायटी चालवायची?"

"एक ते चार दिवसच असतो की, साहेब."

शेजारी उभ्या असलेल्या खजिनदारांना अचानक खोकला आला.

मामांना हसू आलं नाही. गेल्याच आठवड्यात सेक्रेटरींनी वॉचमनला खुर्चीत डुलकी घेताना पकडून बजावलं होतं, "पुन्हा डोळा लागला, तर गाशा गुंडाळायचा." दहाला मशीन धडधडलं की याची झोप गेली, झोप गेली की रात्री डुलकी, आणि डुलकी लागली की नोकरी. एवढं कळायला कमिटीत असावं लागत नाही. किंबहुना नसावंच लागतं.

"मी आपला पाचलाच कापतो," मामा म्हणाले.

"पाचला गाणं असतं."

"मग गाण्याला दहाची वेळ द्या."

"मामा, ठराव मोडलात तर दुसरा माणूस बघावा लागेल."

"बघा. तोवर उद्या दहाला मी हजर आहे."

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला मामा आले. मशीनच्या खोलीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. पिशवीतून गवत कापायची कात्री काढली, वॉचमनच्या खिडकीखाली गोणपाट अंथरलं आणि गुडघे टेकले. क्रच. क्रच.

"मामा, मशीन कुठाय?" गॅलरीतून आवाज आला.

मामांनी ओठांवर बोट ठेवलं.

सेक्रेटरी तरातरा खाली आले. खिडकीतून घोरणं ऐकू येत होतं, संथ, भरल्या पोटाचं.

"हा काय प्रकार आहे?" त्यांनी विचारलं, आणि आपण कुजबुजतोय हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

"ठरावात वेळ लिहिलीय. मशीन लिहिलेलं नाही."

"असं कापत बसलात तर चार दिवस लागतील."

"पाच. गुडघा कुरकुरतो."

"पाचव्या दिवशी इथलं पुन्हा वाढलेलं असेल."

"मग सहाव्या दिवशी इथूनच सुरू करेन."

"मी लेखी नोटीस काढणार आहे," सेक्रेटरी तशाच दबक्या आवाजात म्हणाले.

"काढा. फक्त द्यायला याल तेव्हा चपला वाजवू नका."

सेक्रेटरी चपला न वाजवता जिन्याकडे वळले. मामांनी एका हाताने गुडघा धरला, दुसऱ्याने गोणपाट वीतभर पुढे सरकवलं. त्यांच्या मागे वीतभर गवत एकसारखं कापलेलं होतं.