गाडीचं नाक

माझं तोंड फटकळ आहे, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. त्यामुळे उद्यमनगरात भीमाप्पाच्या गॅरेजपुढं मी व्हॅन उभी केली, तेव्हा त्यानं आधी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि मग गाडीखाली वाकला. गिअरबॉक्सचं ऑईल परत गळत होतं. त्यानं ऑईल अडवणारं रबरी सील बदलायचं, आठवडाभर बरं चालायचं, की दारात काळा डाग हजर.

"अण्णा, सोमवारी गाडी परत वाटेत बसली तर कागलचं काम गेलं म्हणून समजा," मी म्हणाले.

कागलच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी बायकांना कामावर नेते-आणते. मागं एकदा ऑईल संपून गिअर अडकला, बायकांचा खाडा झाला, आणि सुपरवायझरनं सांगितलं की ही शेवटची संधी. नवरा वारल्यापासून या जुन्या व्हॅनवरच आमची चूल पेटते. आमची म्हणजे माझी आणि माझे सासरे पिराजीआबा यांची. गाडी मूळची त्यांची. नजर अधू झाली तशी त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली, पण शेजारची सीट काही सोडली नाही. आत्ताही ते तिथंच बसून होते.

"अक्का, सील एकदम ब्येस हाय. म्या सोता बसवलंय," भीमाप्पा म्हणाला. तो निपाणीकडचा, त्यामुळं मी त्याची अक्का.

"मग ऑईल काय भुतानं सांडलं?"

तो चिडला. पण या खेपेला त्यानं काही उघडलं नाही. डिझेलनं गिअरबॉक्स लख्ख धुतला, पुसून कोरडा केला आणि माझ्यापुढं हात पसरला. "तोंडाला लावायची पावडर हाय का?" मी पर्समधला डबा दिला. त्यानं तो सगळा गिअरबॉक्सला फासला आणि म्हणाला, "आता कागलपतुर जाऊन या."

आम्ही परत आलो. भीमाप्पा गॅरेजच्या खड्ड्यात उतरला, मीही मागोमाग उतरले. त्यानं बॅटरीचा झोत वर मारला. पांढऱ्या पावडरीवर ऑईलनं आपल्या वाटा काढल्या होत्या. पुढच्या सीलातून एक, मागच्यातून एक, जोडावरून बारीक बारीक कितीतरी. इतके महिने मी नुसता डाग बघून शिव्या देत होते, आणि इथं सगळं दुखणं डोळ्यांपुढं उमटलं होतं.

"सगळीकडनं एकदम?" भीमाप्पाही पुटपुटला. "सगळी सीलं एकाच टायमाला मरत न्हाईत, अक्का. आत हवा कोंडलीया. नाक दाबलं की तोंड उघडतं, तसलं झालंय हे."

गिअरबॉक्सच्या माथ्यावर बोटाएवढी एक नळी असते. तापलेली हवा तिथून बाहेर पडते. तेच गाडीचं नाक. भीमाप्पानं वर हात घालून चाचपलं, मग तार घेऊन खरवडलं. काहीतरी घट्ट ढेकूळ सुटलं आणि आतून लांबलचक 'फुस्स' झालं. एवढं लांब, की अंगावर सरसरून काटा आला. इतके दिवस मी जिला खटारा म्हणत होते, तिनं माझ्यासमोर श्वास सोडला होता.

भीमाप्पानं ढेकूळ बोटांत चुरडलं. आतून गुलाबी निघालं. "गुलाल?"

"जोतिबाचा हाय त्यो," वरून आबांचा आवाज आला.

ते गाडीतून उतरून खड्ड्याच्या काठाशी आले. नजर चांगली होती तोवर दर रविवारी ते गाडी भरून माणसं डोंगरावर न्यायचे, येताना गाडी गुलालानं माखायची. देवाचा गुलाल झाडून लोकांच्या पायाखाली कसा टाकायचा? गिअरच्या दांड्याखालचं रबर फाटलं होतं. त्या फटीतून ते गुलाल आत सारायचे, आणि खाली नेमकी ती नळी होती.

"गाडीच्या पोटात ऱ्हाईल, राखंल तिला, असं वाटलं गं," ते म्हणाले आणि मान खाली घालून माझ्या बोलण्याची वाट बघू लागले.

जीभ तयारच होती, पण मी ती दातांखाली धरली. एवढ्या मायेनं कुणी कुणाचा श्वास कोंडू शकतं, हे मला कधी सुचलंच नसतं. मी नुसता त्यांचा हात धरून त्यांना गाडीत बसवलं.

सोमवारी कारखान्याच्या गेटवर बायका उतरून आत गेल्या. मी रस्त्यावरच आडवी झाले आणि गाडीखाली बघितलं. सगळं कोरडं. सुपरवायझर लांबून बघत होता. त्यानं होकारार्थी मान डोलावली आणि आत निघून गेला. काम वाचलं होतं.

"हाय का थेंब?" आबांनी सीटवरूनच विचारलं.

"न्हाय आबा. हात द्या हिकडं."

भीमाप्पानं बसवलेलं नवं रबर मी वर सरकवलं आणि त्यांचा हात त्या फटीत, नळीवर नेऊन ठेवला. ऊन वाफ बोटांना लागली तसे ते दचकले. पण हात काढला नाही. पोरीशी बोलावं तसं हळूच म्हणाले, "घे बाई, घे श्वास. आता कुनी दाबत न्हाय."