आरतीविना

बुक्क्याची डबी उघडली की आधी वास यायचा, मग आतलं काळं दिसायचं — आज वास आलाच नाही. सत्यवतीने डबी नाकाशी नेली. तळाशी चिमूटभर उरला होता, कीर्तनकार रावजीबुवा गेले तेव्हापासून तसाच... आज सत्काराला येणाऱ्या गणराजच्या कपाळी लावायला पुरला असता. लावायचा का, तेवढंच ठरत नव्हतं.

“काकी, बुक्का लावायचा आणि दोन शब्द बोलायचे, बस,” सुचिता दारातूनच म्हणाली. देवळातल्या संध्याकाळच्या सत्काराचं सगळं तीच बघत होती. “एवढा मोठा दिग्दर्शक, बाहेरच्या देशातून बक्षीस घेऊन श्रीवर्धनला येतोय. आपल्या बुवांना त्यानेच अमर केलं ना?”

“व्हय गो. पन अर्धंच.”

थट्टा समजून सुचिता हसली आणि हारांचं बघायला गेली.

थट्टा कुठली! सुपाऱ्या सोलता सोलता सत्यवतीने गणराजचे सगळे सिनेमे फोनवर पाहिले होते. जाळं शिवणारे, भाकरी थापणारे हात तो असे दाखवायचा की बघणाऱ्याने नमस्कार करावा. पण देवाचं तोंड दिसणार म्हटलं की याचा कॅमेरा खांबाआड. आणि शेवट तर नाहीच. एका सिनेमातली बाई नवऱ्याची वाट बघत दिघीच्या धक्क्यावर उभी, फेरीबोट लागते, माणसं उतरायला लागतात... की पडदा काळा. अरे, तिचा नवरा आला की नाही? सांग ना बाबा! रात्रभर मीच त्याला उतरवत बसले. कीर्तनात असं चालेल? बुवांनी कितीही लांब भटकावं, पण फिरून अभंगावर यावं, शेवटचं चरण घ्यावं, आरती व्हावी — मग माणसं उठतात.

त्याच्या पहिल्याच सिनेमात बुवांचं कीर्तन होतं. देवळात पडदा लावून दाखवला तेव्हा बुवा स्वतः पुरुषांत बसले होते, तिच्या अगदी पुढे. पडद्यावरच्या बुवांनी हात वर केला, शेवटचं चरण घेतलं — आणि अर्ध्यावर अंधार. दिवे लागले तरी कोणी उठेना. अख्खं गाव आरतीची वाट बघत बसलं होतं. पुजाऱ्याच्या पोराने, नामाने, तबकात कापूरसुद्धा ठेवला. गणराजला वाटलं, लोक भारावले. त्याने डोळे पुसत सगळ्यांना हात जोडले. ‘माझं गाव उठूच शकलं नाही,’ असं अजून मुलाखतींत सांगतो. खरं काय ते तिथेच सांगायला ती तोंड उघडत होती, तर बुवा मागे वळून हळूच म्हणाले, “असूं दे. पोर खूश हाय.”

आज बुवा नाहीत अडवायला. आज बोलता येईल.

तिने फोनवर तोच पहिला सिनेमा लावला. बुवांचा आवाज दुसरीकडे कुठेच राहिलेला नाही, तेवढ्या त्या सिनेमात आहे. दरवेळी तो त्याच जागी तुटायचा, आणि दरवेळी ती उरलेलं चरण स्वतः म्हणून, पदराने फोन पुसून, कामाला लागायची.

बुवांनी हात वर केला. चरण घेतलं. तुटलं.

तोंडाशी आलेले शब्द तिने आज म्हटले नाहीत. चरण पुरं झालं तर बुवा हात खाली घेतील, टाळ ठेवतील, लोक उठून घरी जातील... न म्हटलं तर ते तसेच उभे.

ओटीवरून सुचिताची हाक आली — काकी, गाडी आली! डबी हातातच होती. उठायला हवं होतं, आणि तिला उठवेना. आरतीची वाट बघत बसलेय की गणराज मुलाखतींत म्हणतो तसंच काही झालंय, हे तिचं तिलाच कळेना... आणि त्या दिवशी देवळात तरी कळलं होतं का?